खोक्याबाहेरचं तंत्रज्ञान

घरात एखादा व्हिडिओ ब्लॉगर असला की नातेवाइकांना त्याची ओळख करून देताना फार पंचाईत होते. 'डॉक्टर आहे', 'बँकेत आहे', 'शेती बघतो' ही वाक्यं कशी पूर्णविरामाने संपतात. 'व्हिडिओ करतो' असं म्हटलं की समोरचा दोन सेकंद थांबतो आणि हमखास विचारतो, "हो का... आणि बाकी काय करतो?"

आमच्याकडे हा प्राणी म्हणजे माझा मावसभाऊ. वय वर्षं सव्वीस, शिक्षण बी.ई. कॉम्प्युटर, मुक्काम पोस्ट नांदेड. चॅनलचा विषय 'आपलं रोजचं जगणं आणि तंत्रज्ञान'. चॅनलचं नाव इथे देत नाही, नाहीतर हा सगळा लेख फुकटची जाहिरात व्हायचा!

मी पुण्यात सॉफ्टवेअरवाला. सोमवार ते शुक्रवार बग आणि मीटिंगा, शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कधीमधी नांदेड. गेल्या वर्षी या 'कधीमधी'चं प्रमाण एकदम वाढलं, कारण मावशीचा फोन. "लेकरा, तू समजाव रे त्याला. तुझं ऐकतो तो." (तो कुणाचंच ऐकत नाही. पण मावशीला असं तोंडावर सांगायची पद्धत आमच्यात नाही.) काका एसटीतून पुढच्या जूनला निवृत्त होणार, धाकटी बहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि थोरले चिरंजीव गळ्यात कॅमेरा अडकवून गोदावरीच्या काठावर. आमच्या टीममध्ये एक जागा निघाली होती. मी नाव सुचवलं असतं तर निदान इंटरव्ह्यूपर्यंत तरी गाडी गेली असती. तेव्हा मिशन ठरलं : पोराला पुण्याला आणायचं.

पण समजवायचं तर गाठीभेटी हव्यात, आणि तो शनिवार-रविवार घरात सापडत नाही. म्हणून मग मी त्याच्याबरोबर हिंडायला लागलो. पद : कॅमेरामनचा मदतनीस. प्रत्यक्षात : ट्रायपॉड.

आधी त्याची बाजू सांगतो, कारण गडी वकिलासारखा तयार होता. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. एक मुलगा प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून वीसेक सेकंद काहीतरी बोलतो, संपलं! मराठीत मधुरा बाचल यांनी २००९ साली पाककृतींचं चॅनल सुरू केलं. २०१६ मध्ये 'भाडिपा' आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा जपून वापरायची आपली सवयच मोडली. २०२० मध्ये नगरजवळच्या सारोळा कासार गावातल्या सुमन धामणे या आजी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' या नावाने घराघरात पोचल्या. "आजीला पुण्याला जावं लागलं का? मग मला कशाला जायला सांगायलास?" मी म्हटलं, "आजी स्वयंपाक दाखवतात. तू पाण्याच्या पाइपा दाखवतोस." यावर तो हसला, पण मुद्दा त्यालाही ठाऊक होता.

कारण आकडे खोटं बोलत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायचे तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी मिळून चार हजार तास व्हिडिओ पाहिलेले हवेत. हा उंबरठा त्याने कसाबसा ओलांडला. पण त्यानंतर येणारे पैसे म्हणजे... असो. घर चालतं ते लग्नाच्या शूटिंगवर. लग्नसराईत रात्री दोनला घरी यायचं, कार्ड रिकामी करायची, सकाळी हळदीला पुन्हा हजर. चॅनलचं काम उरलेल्या वेळात. तेही सोपं नाही बरं का! आवाज रेकॉर्ड करायचा तर पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यातल्या नांदेडात पंखा बंद करून बघा, म्हणजे कलेसाठी त्याग कशाला म्हणतात ते कळेल. पलीकडच्या खोलीतून मावशी ओरडते, "उकडून मरायलो आम्ही, अन् याचं आपलं हॅलो मित्रांनो!" हे 'हॅलो मित्रांनो' घेण्यातच तीन-चार टेक जातात, कारण मागे कुकरची शिट्टी. ड्रोन घ्यायचं स्वप्न होतं, पण विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत कुठेही उडवायला परवानगी लागते, आणि नांदेडचा विमानतळ शहराला अगदी खेटून. स्वप्न कपाटात.

रात्री सगळे झोपले की तो एक आलेख उघडून बसतो. व्हिडिओच्या कुठल्या सेकंदाला किती प्रेक्षक टिकून होते त्याची ती रेघ. मी ऑफिसात सर्व्हरचे लॉग वाचतो, तसा तो ती रेघ वाचतो. वजिराबादेतल्या दोस्ताच्या दुकानात त्याने एका नव्या फोनचं खोकं उघडलं होतं. सुरीने सील कापलं, प्लॅस्टिक सोललं, बस्स! त्याची रेघ शेवटपर्यंत ताठ. या एका व्हिडिओने बाकीच्या दहा व्हिडिओंएवढे प्रेक्षक आणले. हिशोब सरळ होता : खोकी उघडायची तर पुण्या-मुंबईला जावं, कारण नवी खोकी आधी तिकडे येतात. आणि खोकी उघडायची नसतील तर दुसरी नोकरी बघावी. म्हणजे दोन्हीकडून पुणेच! मी मनातल्या मनात मावशीला फोन लावला.

पण त्याआधी लातूरची सहल ठरलेली होती.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. वाटेत सुशीला आणि चहा. (पुणेकरांसाठी : सुशीला हे बाईचं नाव नसून मुरमुऱ्यांचा नाश्ता आहे.) विषय होता पाण्याची रेल्वे. २०१६ चा उन्हाळा आठवतोय ना? मांजरा धरण आटलं, पाण्याच्या ठिकाणी भांडणं होतील म्हणून शहरात जमावबंदी लागली, आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुतलेल्या टाक्या आल्या. ११ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांची पहिली गाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुमारे साडेतीनशे किलोमीटर तोडून लातुरात पोचली. पाच लाख लिटर. ऐकायला केवढं वाटतं! २०११ च्या जनगणनेत लातूर शहर पावणेचार लाखांच्या पुढे होतं, म्हणजे माणशी जेमतेम एक-सव्वा लिटर. मग त्याच महिन्यात पन्नास टाक्यांची, पंचवीस लाख लिटरची गाडी सुरू झाली.

हे सगळं तेव्हा टीव्हीवर दिसलं. आमचा पठ्ठ्या मात्र स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर उभा राहून भलताच प्रश्न विचारत होता : ही गाडी येऊ कशी शकली?

उत्तर रुळांत आहे. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही जुनी बार्शी लाइट रेल्वे. रूळ फक्त अडीच फूट रुंद. ही छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली आणि पुढची कित्येक दशकं तशीच डुलत राहिली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने हा मार्ग ब्रॉडगेज झाला. नुसते दोन रूळ एकमेकांपासून लांब सरकले! तेव्हा त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं, चार दिवस बातम्या आल्या असतील. पण ते झालं नसतं तर मिरजेहून निघालेली टाक्यांची गाडी लातुरात सरळ आलीच नसती.

"दादा, हे खरं तंत्रज्ञान आहे," तो कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाला. "याला खोकं नाही, म्हणून कुणी उघडून दाखवत नाही."

स्टेशनजवळच्या टपरीवरचे काका ऐकत होते. ते म्हणाले, रात्री दोनला टँकर यायचा, नंबराने घागरी लावून ठेवायच्या आणि एकाने जागायचं. त्यांच्या घरी जागायचं काम बारावीतल्या पोराकडे होतं, कारण तो तसाही अभ्यासाला जागाच असायचा. लातूर पॅटर्न म्हणजे काय ते एका वाक्यात सांगितलं त्या माणसाने! परत येताना हरंगुळचा रेल्वे डब्यांचा कारखाना बाहेरूनच पाहिला. २०१८ मध्ये भूमिपूजन, २०२० च्या नाताळात पहिल्या डब्याचा सांगाडा तयार. अडीच फुटी रुळांच्या गावाला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना मिळाला, म्हणजे काळ बदलतो हे खरं.

व्हिडिओ चढवला. रेघ रुळांच्या गोष्टीपाशी कोसळली. अगदी माळेगावच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखी वरून खाली. मला वाटलं आता हा स्वतःच पुण्याचं तिकीट काढेल. त्याने वहीत एक ओळ लिहिली, 'टपरीवाले काका आधी, रूळ नंतर', आणि दिवा मालवला.

पुढची फेरी किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आमच्या पिढीतल्या मराठवाड्याच्या माणसाला ही वेळ पाठ असते. नांदेडला मावशीच्या घरात फळीवरची भांडी वाजली होती. तिकडे लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगातल्या भूकंपांच्या मानाने प्रचंड नव्हे. मग एवढी माणसं का गेली?

त्याचा व्हिडिओ यावरच होता. आपली जुनी माळवदाची घरं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाचं छत आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, झकास! पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, म्हणजे वर्षागणिक डोक्यावरचं ओझं वाढतच जातं. आणि भिंतीतले दगड एकमेकांत नीट गुंतलेले नसतील तर हादरा बसला की भिंत आतून-बाहेरून सुटते, वरची माती खाली. त्या वेळी हा सगळा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात होता. तो 'पहिला पट्टा' २००२ मध्ये नकाशातून काढूनच टाकला. कितीतरी घरं कोसळल्यावर नकाशा दुरुस्त झाला.

जुन्या किल्लारीच्या जागेजवळ एक आजी भेटल्या. "कुण्या गावचे रे लेकरांनो?" इथून सुरुवात झाली आणि पाच मिनिटांत त्या त्या रात्रीवर आल्या. मी ट्रायपॉड लावायला लागलो, तर याने माझा हात धरला. कॅमेरा बंद करून पिशवीत घातला आणि खाली मातीत मांडी घालून बसला. आजी तासभर बोलल्या. घरातली कोण कोण माणसं कुठल्या खोलीत झोपली होती ते त्यांनी बोटाने हवेत खोल्या आखून सांगितलं. मी त्यातलं काही इथे लिहिणार नाही.

परतीच्या वाटेवर औशापर्यंत आम्ही दोघेही गप्प. शेवटी मी विचारलं, "अरे, हाच तर खरा व्हिडिओ होता. लाखांनी बघितला असता."

"म्हणूनच," तो म्हणाला. "त्या माझ्याशी बोलल्या, दादा. कॅमेऱ्याशी नाही."

व्हिडिओत फक्त भिंत आली. रेघ? मध्यम. पण एका गवंडी काकांचा त्याला फोन आला. माळवदाच्या जुन्या घराला काय करता येईल, वरची माती किती उतरवावी, असं विचारत होते. याने त्यांना स्वतः उत्तर दिलं नाही. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या सिव्हिलच्या सरांचा नंबर दिला. मला हे उत्तर आवडलं. आपल्याला काय येत नाही हे माहीत असणं हे आमच्या धंद्यातही सीनियर माणसाचंच लक्षण असतं.

तिसरी मोठी फेरी वसमतमार्गे औंढा नागनाथची. ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेतलं, पण मुक्काम लायगोचा. हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी, खर्च २,६०० कोटी, उद्दिष्ट २०३०. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आतली हवा काढून घेतलेली. त्यातून लेझर जातो, टोकाच्या आरशावर आपटून परत येतो. कुठेतरी अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची लहर इथून गेली तर एक बाहू किंचित लांबतो, दुसरा किंचित आखूड होतो. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली.

आता एवढं नाजूक मोजायचं तर आजूबाजूला शांतता पाहिजे. रेल्वे नको, कारखाने नकोत, ट्रकांची वर्दळ नको. अधूनमधून बसणाऱ्या धक्क्यापेक्षा रोजची बारीक थरथर जास्त डोकेदुखी. देशभरातल्या जागा पाहून शेवटी ही निवडली. ते ऐकून आमचे ब्लॉगर महाराज रस्त्याच्या कडेला पोट धरून हसत सुटले. "दादा, सत्तर वर्षं आपण ओरडायलो की आमच्याकडे रेल्वे नाही, कारखाने नाहीत. अन् जगात पहिल्यांदा कुणाला तरी आपल्याकडे काहीच नसणं पसंत पडलं!"

हा विनोद त्याने तसाच व्हिडिओत ठेवला, त्याच्या अस्सल नांदेडी बोलीत. त्याआधी तो कॅमेऱ्यासमोर थोडी पुणेरी मराठी बोलायचा, मला आवडावी म्हणून की काय कोण जाणे. या वेळी नाही. मागे दाखवायला फार काही नव्हतं, बाहेरून दिसेल तेवढं रान आणि लांबवर कुंपण. तरी लोक शेवटपर्यंत टिकले. हिंगोलीच्या पट्ट्यात २१ मार्च २०२४ ला पहाटे सहाच्या सुमारास ४.५ आणि ३.६ चे दोन धक्के बसले होते आणि जुलैत पुन्हा एक. तेव्हापासून जमिनीच्या पोटात काय चाललंय ते तिथल्या लोकांना ऐकायचंच होतं. ("त्या पहाटे मी आधी तुझ्या मावशीला उठवलं, आणि हा कॅमेरा शोधत होता," ही काकांची पुरवणी.)

आणि मग तो रविवार आला. आमच्या कंपनीचा फॉर्म भरायची मुदत रात्री बारापर्यंत. जेवणं झाल्यावर काका, मावशी, बहीण, आम्ही दोघं, मध्ये माझा लॅपटॉप. त्याने शांतपणे विचारलं, "दादा, तुझ्या टीममध्ये काम काय असतं?" मी म्हटलं, एका विमा कंपनीचे रिपोर्ट बनवायचे. चांगलं काम आहे, पगार वेळेवर होतो. तो म्हणाला, "वाईट नाही." मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. नांदेडातल्या एका कोचिंग क्लासचं पत्र. नीटच्या पोरांसाठी लेक्चरं रेकॉर्ड करून एडिट करायची, सकाळी सात ते एक. पगार पुण्याच्या निम्म्याहून कमी. दुपार आणि शनिवार-रविवार त्याचे.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. (चालू होता, रेकॉर्डिंग नव्हतं.) मावशीने काकांकडे पाहिलं. काकांनी आयुष्यभर तिकिटं फाडली, ते एकच प्रश्न विचारतात : "पीएफ आहे?"

"आहे म्हणाले."

"लेखी घे." आणि काका उठून झोपायला गेले.

बहीण म्हणाली, तिच्या फीसाठी शैक्षणिक कर्जाची चौकशी तिने आधीच केली आहे. हे तिने कधी केलं ते कुणालाच माहीत नव्हतं. मावशीचे डोळे भरले होते. आनंदाने की काळजीने, विचारायची माझी छाती झाली नाही. पोराच्या निवडीची किंमत पोर एकटं मोजत नाही, सगळं घर मोजतं. त्या रात्री ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी आपापला वाटा उचलला होता. मी लॅपटॉप मिटला.

त्याला पुण्याला न्यायला हवं होतं का? आकड्यांनी विचाराल तर हो. पण पुण्यात खोकी उघडणारे हजार आहेत, आणि ती खोकी उघडायला आणखी एक माणूस नसला तरी कुणाचं अडत नाही. रुळांची रुंदी, माळवदाची माती आणि औंढ्याची शांतता त्या गवंडी काकांना त्यांच्या बोलीत सांगणारं मात्र अजून फारसं कुणी नाही. ते काम पुण्यात बसून होत नाही. तिथे उभं राहावं लागतं, पंखा बंद करून.

पुढच्या शनिवारी विष्णुपुरीला जायचंय. गोदावरीचं पाणी पंपाने वर चढवून कालव्यात कसं सोडतात ते दाखवायचंय. मला निरोप आला आहे : 'चप्पल नको, बूट घाल. अन् ट्रायपॉडचा एक स्क्रू हरवलाय, लक्ष्मी रोडवरून आण.' लक्ष्मी रोडवर साड्या मिळतात, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं!